आत गेलेली जवारी

सुगी जवळ आली की माझी चिडचिड सुरू होते. बायकोला हे आता सवयीचं झालं आहे. कडब्यानं भरलेल्या गाड्या लोहाऱ्याच्या रस्त्यानं करकरत जाऊ लागल्या, की ती माझ्याशी बेतानंच बोलते. भाकरी जरा करपली तरी मी ताट सरकवतो. सायकलची साखळी उतरली तरी दोष दुसऱ्या कुणाचा तरी असतो. काल ती म्हणाली, "लोकांच्या घरी दाणे येतात, लोक हसतात. तुम्हीच तेवढे सुतक धरल्यासारखे बसता." मी सायकल घेऊन बाहेर पडलो. कारण तिला माहीत आहे, आणि ते माहीत असूनही ती दरवर्षी बोलते, याचाही मला राग येतो.

खरं तर हे दिवस वर्षातले सगळ्यात सुरेख. सकाळी अंगावर घोंगडी आणि दुपारी पाठीला चटका. खळ्यावर बैलांची पात फिरत असते, कणसं तुडवली जात असतात, आणि वाऱ्यावर उडालेली कूस लांब रस्त्यापर्यंत येऊन मानेला चावते. उंच तिवईवर उभा राहून माणूस पाटी वर धरतो, दाणे सरळ खाली पडतात, भुसा तिरपा जातो. वारा पडला की सगळे हात थांबतात. मग कुणी चिलीम भरतो, कुणी आभाळाकडे बघून शिवी देतो, तीही मायेनं.

आणि माझ्यासारख्या ख्रिस्ती प्रचारकासाठी यासारखे वाईट दिवस नाहीत. घरी कुणी सापडत नाही. मी पेटी सायकलला बांधून खळ्यावर जायचो, झाडाखाली बसून भजन म्हणायचो. मी गायचो आणि ते वारा बघायचे. एका म्हाताऱ्यानं मला फार आदरानं विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या देवाला सांगून जरा वारं सोडता का? मंग बसतो ऐकत."

माझे आजोबा मोठ्या दुष्काळात गाव सोडून मिशनच्या तळ्यावर खडी फोडायला गेले. तिथं त्यांना अन्न मिळालं, नाव मिळालं, पुढं देवही मिळाला. ते गावात परत आलेच नाहीत. म्हणजे आमच्या घरात तीन पिढ्या श्रद्धा आहे, पण ज्या गावात जन्मलो त्याच गावात राहून, त्याच पाटलाच्या दारासमोरून रोज जाताना ती सांभाळायची, हे आमच्यापैकी कुणालाच करावं लागलं नाही. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. मला शास्त्रातले संदर्भ तोंडपाठ होते, एवढंच.

संस्थानाचं विलीनीकरण होऊन काही वर्षं झाली होती. कचेरीतली उर्दू गेली होती, लोकांच्या तोंडातली गेली नव्हती. लोहाऱ्याहून दोन कोसांवर एक गाव आहे. तिथली माणसं अजून मला पाणी देतात, म्हणून नाव लिहीत नाही. तिथल्या मांगवाड्यातल्या तीन घरांनी त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी बाप्तिस्मा घेतला. दोन घरं सटवा आणि मारुती या भावांची. तिसरं ग्यानबाचं.

ग्यानबा माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा. दोर वळायचा. अंबाडीच्या सोलाला पीळ देताना त्याचा हात पायाच्या अंगठ्यापासून दूर दूर जायचा, आणि बोलताना तो कधी दोराकडे बघायचा नाही. हलगीही तोच वाजवायचा. गावात पोळा असो, वरात असो, मयत असो, पुढं ग्यानबा. त्याची बायको साळू बारीक अंगाची आणि जिभेनं तिखट. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात बसून स्वर्गाबद्दल बोललो तेव्हा ती चुलीपासून म्हणाली, "तितं तरी पाटलाची आन् आमची विहीर एकच हाय का, ते आदी सांगा." मी एकच आहे म्हणालो. "मग ऐकती," म्हणाली आणि बाहेर येऊन बसली.

हलगी बंद करायला मीच सांगितलं. आमच्या मिशनच्या पाळकसाहेबांचा नियम होता खरा, पण त्यांनी तो सोलापुराकडून येता-जाता सांगितला होता. त्याला धार माझी होती. हलगी गावदेवी लक्ष्मीआईच्या पुढं वाजते, आणि विश्वासणाऱ्यानं दुसऱ्या देवापुढं वाजवायचं नसतं, असं मी समजावलं.

"लग्नात वाजवू का?" ग्यानबानं विचारलं.

"लग्नातही देवक असतंच."

"मयतीला?"

"तिथंही नको."

त्यानं भिंतीशी ठेवलेल्या हलगीकडे बघितलं. "मग हलगीचं काय करू?"

"खुंटीला अडकवा, ग्यानबाभाऊ."

साळू म्हणाली, "कातडं काढून द्या मला. कडं तरी घागरीखाली ठेवती."

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला आता नको वाटतं. इतक्या हसतखेळत मी माणसाचं वर्षाचं पोट खुंटीला अडकवलं होतं.

पोळा झाला, दसरा झाला. तीनही घरं गप्प बसली. गावानं शेजारच्या गावातून हलगीवाले आणले. कुणी भांडलं नाही, कुणी दमदाटी केली नाही. मला तो विजय वाटला. पाळकसाहेबांना मी तसं सांगितलंही, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग सुगी आली. पाऊस बेताचा झालेला, जवारीवर चिकटा पडलेला, तरी खळी लागली. ग्यानबानं वर्षभर वळलेले कासरे, दावी, नाडे खांद्यावर टाकले आणि बलुतं मागायला निघाला. त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेलो होतो. माझी समजूत अशी की मास्तर बरोबर असला की बरं पडेल.

पाटलाच्या खळ्यावर मोठी रास पडली होती. पाटील वाईट माणूस नव्हता. त्यानं मला घोंगडीवर बसवलं, हुरड्याच्या दिवसांत आला नाहीत म्हणून रागे भरला, गूळ-पाणी दिलं. ग्यानबा लांब उभा. त्यानं दोर खाली ठेवले.

"काय ग्यानबा?" पाटील म्हणाला.

"बलुत्याला आलतो, मालक."

"कशाचं बलुतं?"

"दोराचं. दरसालचंच की."

पाटलानं एक कासरा उचलला, ताणून बघितला, चांगला आहे म्हणाला आणि परत ठेवला. "दोर बाजारात मिळत्यात रे. लक्ष्मी हलगीबिगर शिवंवर जात न्हाय. तू आईपुढं वाजवत न्हाईस, आन् आईनं दिलेलं मागाय येतूस. ह्ये कसं?"

मी मध्ये पडलो. कष्टाचं दाम, माणुसकी, नवं सरकार, सगळं बोललो. पाटलानं शांतपणे ऐकलं. "मास्तर, आमी त्याला मारलं का? शिवी दिली का? त्यानं त्याचा हात आखडला, आमी आमचा आखडला. तुमच्या देवाकडं बी सुगी असंलच की. तितनं द्या त्याला पाटीभर."

परतताना ग्यानबा पुढं, मी मागं. दोर तसेच खांद्यावर. गावाच्या तोंडाशी आल्यावर एवढंच म्हणाला, "तुमी नका येऊ उद्याच्याला. तुमी असला की मला रडकुंडीला येता येत न्हाय, आन् त्याबिगर कोन देतंय?" दुसऱ्या दिवशी तो एकटा फिरला. कुणी दिलं नाही.

त्या दिवसांतला माझा राग मला नीट आठवतो. पाटलाचा राग. आमच्या माणसांचा, की यांना थोडं सोसता येत नाही. पाळकसाहेबांचा. आणि सगळ्याखाली स्वतःचा. माझा पगार कुठल्या खळ्यावरून येत नव्हता. वारा पडला काय, चिकटा पडला काय, माझ्या घरी भाकरी होत होती. मी साळूच्या दारात बसून धीर धरा म्हणायचो तेव्हा आत कण्या शिजत असायच्या, आणि मी उठेपर्यंत ती भांडं उतरवायची नाही. मी उठायला हवं होतं हे मला उशिरा समजायचं.

मी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणालो, हलगी हा त्यांचा धंदा आहे, पूजा नव्हे, एवढी सूट द्या. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "आज हलगी, उद्या नारळ, परवा कोंबडं. रेघ कुठंतरी ओढावी लागते, भाऊ." त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी मिशनकडे आलेला दुधाच्या भुकटीचा एक डबा माझ्याबरोबर दिला. परदेशी दूध. ते पिऊन मांगवाड्यातल्या पोरांची पोटं बिघडली. पुढच्या खेपेला गेलो तर साळूची चूल पांढरीशुभ्र. "भुकटीचा पोतारा दिला," म्हणाली. "चुन्यापरीस चांगला बसतुया. आता शिजवाय काय तरी धाडा म्हनावं, चूल सजून बसलीया."

लोहाऱ्यात मी अमीनचाचाच्या घरात भाड्यानं राहायचो, अजूनही राहतो. ते पिंजारी. दिवसभर त्यांच्या धनुकलीची तार वाजत असते आणि कापूस हवेत तरंगत असतो. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि कापूस झटकत म्हणाले, "क्या मास्तर, उसका बाजा तुमे बंद कराए. अब उसका चूल्हा तुमे जलाव." मला राग आला. आमच्या धर्माच्या गोष्टीत यांनी बोलू नये असंही वाटलं. चूल पेटवण्याइतकं माझ्याकडे नव्हतं हे खरं, पण जेवढं होतं तेवढंही मी नेलं नाही, हेही खरं. दोनदा जवारीची पिशवी भरली आणि दोनदा ठेवून दिली, की याला देऊ आणि सटवा-मारुतीला नको, तर मंडळीत फूट पडेल. मला नेहमीच चांगलं कारण सापडत आलं आहे.

पुढच्या मंगळवारी लक्ष्मी शिवेवर निघायची होती. मी गावात शिरतच होतो, तेवढ्यात हलगी ऐकू आली. परगावच्या वाजवणाऱ्याचा हात नव्हता तो. देवळाच्या चौकात तुराट्यांचा जाळ केला होता, आणि ग्यानबा त्यावर हलगी शेकून परत परत बोटानं वाजवून बघत होता. सटवा-मारुती त्याच्या मागं. मग मिरवणूक निघाली. मी सायकल धरून कडेला उभा. ती हलगी छातीत वाजत होती. मला ती फार आवडली, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या भजनात मी पेटीवर इतकी वर्षं जे शोधतो, ते तिच्यात होतं. ग्यानबानं मला बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही आणि हातही थांबवला नाही. माझ्यासमोरून वाजवत पुढं गेला, शिवेकडे.

बुधवारपासून खळ्यावर त्याला बलुतं मिळू लागलं. पाटलानं स्वतः माप भरून घातलं म्हणे, आणि कासरेही घेतले.

त्याच्या पुढचाच रविवार आमच्या उपकारस्तुतीचा. सुगीतलं पहिलं धान्य त्या दिवशी लोक देवापुढं आणून ठेवतात. आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली, दारात लिंबाचं झाड. आसपासच्या गावांतली विश्वासणारी मंडळी आली होती. मेजासमोर पाट्या मांडल्या होत्या, कुणाची तूर, कुणाचा हरभरा, कुणाची अंडी. साळू पाटी घेऊन आली. पांढरी, टपोरी जवारी, वर मोत्यासारखी निवडलेली. पाटलाच्या खळ्यावरची असणार. ज्या घरात महिनाभर कण्या शिजल्या, त्या घरातली ती पहिली पाटी होती. तिनं ती मेजाखाली ठेवली आणि बायकांत जाऊन बसली.

मंगळवारची बातमी पाळकसाहेबांना आधीच समजली होती. उपासना सुरू होण्याआधी त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं. "तिघांनी उभं राहून चुकलो म्हणावं. नाही म्हणेल त्यानं प्रभुभोजनाला आत बसू नये. तुम्हीच सांगा, तुमची माणसं आहेत."

"आणि धान्य?" मी विचारलं.

ते गोंधळले. मग म्हणाले, "देवापुढं ठेवलेलं परत कसं करणार? ते राहू दे."

मी तिघांना सांगितलं. सटवा उभा राहिला, चुकलो म्हणाला. मारुतीही म्हणाला. ग्यानबा म्हणाला नाही. मी त्याच्या दंडाला धरून त्याला दाराबाहेर आणलं. ओढलं नाही. तो स्वतःच चालत आला. लिंबाखाली आल्यावर त्यानं आत, मेजाकडे बघितलं.

"मास्तर, जवारी आत बसली. मी बाहेर का?"

मी म्हणालो, "तसा नियम आहे."

"तीबी हलगीचीच हाय की."

खोलीत सगळं ऐकू येत होतं. साळू उठली. कुणाकडे न बघता ती मेजापाशी गेली, आपली पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "ह्यी बी बाहेरच बसंल, साहेब. तिनं बी चुकलो म्हटलं न्हाय." आणि नवऱ्याशेजारी लिंबाखाली येऊन पाटी मांडीवर घेऊन बसली. उपासना संपेपर्यंत दोघं तिथं होती. शेवटचा आशीर्वादही त्यांनी तिथूनच, मान खाली घालून घेतला.

मला वाटलं होतं, ती परत येणार नाहीत. आली. दर रविवारी आली. काही महिन्यांनी साळू आत बसू लागली, तिच्यावर नियम नव्हताच. ग्यानबा लिंबाखाली. घरी जाताना ती त्याला मी काय बोललो ते सांगायची, आणि मागून येताना मला ते पुष्कळदा ऐकू यायचं. माझ्या प्रवचनापेक्षा तिचं सांगणं बरं होतं.

पुढं पाळकसाहेब बदलले. मंडळीचे पंच बदलले. नियम राहिला. सटवा आणि मारुती दरवर्षी लक्ष्मीपुढं वाजवतात, दरवर्षी उपकारस्तुतीला उभं राहून चुकलो म्हणतात, आणि आत बसतात. आता तर त्याची एक पद्धतच झाली आहे. मी नाव घेतो, ते उठतात, म्हणतात, बसतात. कुणी हसतही नाही. ग्यानबा तेवढा बाहेर. मी पंचांपुढं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी मला विचारलं, तो चुकलो म्हणाला का? मी नाही म्हणालो, आणि पुढच्या विषयाकडे वळलो. यापलीकडे मी काही केलं नाही. राजीनामा देतो म्हणालो नाही. तुमचा नियम खोटं बोलणाऱ्याला आत घेतो, असंही म्हणालो नाही. घरी येऊन मात्र बायकोवर ओरडलो.

गेल्या भादव्यात साळू तापानं गेली. आमच्या कबरस्तानात, ओढ्याच्या बाजूला तिला ठेवली. ग्यानबानं स्वतः दोर वळून दिले शवपेटी खाली सोडायला. परवा त्यानं मला निरोप धाडला की काम आहे. गेलो तर दारात बसून सोल पिळत होता.

"साळूच्या शेजारला जागा हाय," तो म्हणाला. "तेवडी माझ्यासाठी राखाय सांगा."

मला हेच भय होतं. मंडळीबाहेरच्या माणसाला तिथं जागा नाही. मी त्याला तसं सांगितलं. मग म्हणालो, "ग्यानबाभाऊ, येत्या रविवारी उपकारस्तुती आहे. दोन शब्द आहेत. म्हणून टाका."

"आन् मंगळवारी लक्ष्मी हाय. मी वाजवनार."

"सटवा-मारुती म्हणतात की."

"त्येंचं त्येंनी बगावं." त्यानं पीळ घट्ट केला. "रयवारी देवाला चुकलो म्हनायचं, आन् मंगळवारी तीच हलगी. त्यो काय खुळा हाय का? चुकलो म्हंजी परत करनार न्हाय, आसंच शिकिवलं हुतं न्हवं तुमी?"

"माझं एवढं सगळं कशाला ऐकायचं होतं?" मी चिडून म्हणालो.

तो हसला. दात फारसे उरले नाहीत. "तवा तुमी लई जोरात सांगायचा, मास्तर."

मी आणखी अर्धी दुपार तिथं बसलो. समजावलं, विनवलं, साळूचं नाव मध्ये घातलं. ते घालायला नको होतं. तिचं नाव आल्यावर तो पहिल्यांदाच दोराकडे बघायला लागला.

घरी आल्यावर अमीनचाचांना सांगितलं. ते म्हातारे झालेत, धनुकली आता जावई चालवतो. हातातला कापूस मोकळा करत राहिले. मग म्हणाले, "पुलिस ॲक्शन के साल में मेरे कू भी लोगां बोले थे, मुँह से इत्ता बोल दे, जान छूट जाएगी. बोल दिया मैं. जान छूट गई." आणि ते आत निघून गेले. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

उद्या पंच बसणार आहेत. मी जागेचा विषय काढणार आहे. ते विचारतील, म्हणाला का तो? मला सांगावं लागेल, नाही म्हणाला. एका माणसाला मी देवापुढं खरं बोलायला शिकवलं, आणि सगळ्या मंडळीत माझं शिकवणं टिकलं ते फक्त त्याच्याजवळ. हे मला पंचांना सांगता यायला हवं. शब्द जुळवत बसलो आहे. पण हे लिहितानाही मनात सारखं एकच येतं आहे, की रविवारी सकाळी तो लिंबाखालून उठावा, दारात यावा, आणि त्यानं चुकलो म्हणावं एकदाचं. खोटं तर खोटं.